मोहरी नाकात का चढते?
अख्खी मोहरी तोंडात टाकली तर क्षणभर काहीच जाणवत नाही. तीच पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येतं. कारण हा झणका दाण्यात आयता नसतोच. काळ्या मोहरीत सिनिग्रिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळे राहतात. दाणा फुटून ओल मिळाली की विकर सिनिग्रिनचं विघटन करतं आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. ते सहज उडून जाणारं. म्हणून मिरची जीभ पोळते, मोहरी मात्र थेट नाकात शिरते.

विकराला उष्णता सोसत नाही. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण चढत नाही, ती यामुळेच. कैरीच्या लोणच्यावर फोडणी पूर्ण गार करूनच ओतायची, हा घरोघरचा दंडक अगदी शास्त्रशुद्ध आहे. कढत तेल पडलं तर मोहरीच्या डाळीतलं विकर निकामी होतं आणि लोणचं मिळमिळीत. फेसायलाही गार पाणीच घ्यावं. मिक्सरला माझी ना नाही, फक्त भांडं तापू देऊ नका. काकडीच्या कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घालायची ती पानं वाढताना. आधी घालून उघडी ठेवली तर निम्मा झणका स्वयंपाकघरच खाऊन टाकतं.