टपाल खात्याची नवी प्रणाली आणि शेवटचे डाकघर

मोठ्या संस्थेची रोकड, पगार, साठा, मालाची ने-आण आणि हिशेब हे सगळे एकाच संगणक प्रणालीत गुंफले जाते, तेव्हा तिला ईआरपी म्हणतात. ही प्रणाली दोन मार्गांनी मिळते. जगभरच्या कंपन्या वापरतात ते तयार सॉफ्टवेअर विकत घ्यायचे, किंवा आपल्या कामाच्या मापाने स्वतःची प्रणाली घडवायची. भारतीय टपाल खात्याने आधी पहिला मार्ग धरला आणि २०२५ मध्ये तो सोडून दुसरा पत्करला. ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभरातील सुमारे १ लाख ६५ हजार डाकघरे ‘ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी’, म्हणजे एपीटी, या नव्या प्रणालीवर आली. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांच्या डाकघरांपासून झरी जामणी, घाटंजी, मारेगाव या तालुक्यांतील खेड्यांच्या शाखा डाकघरांपर्यंत सगळ्यांचे काम या बदलात आले.

टपालाचा कारभार बाहेरून दिसतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा. इथल्या खेड्यातले शाखा डाकघर बहुधा एक-दोन माणसांवर चालते. शाखा डाकपाल हा ग्रामीण डाक सेवक असतो. तो टपाल नोंदवतो, मनिऑर्डरचे पैसे देतो, बचत खात्यात आणि सुकन्या समृद्धीत भरणा घेतो, टपाल विम्याचा हप्ता स्वीकारतो आणि संध्याकाळी दिवसाचा हिशेब वरच्या डाकघराला देतो. त्याने एक पार्सल नोंदवले की त्याच क्षणी हातातली रोकड वाढते, खात्याचे उत्पन्न वाढते, त्या दिवशीच्या थैलीच्या यादीत एक नग चढतो आणि पाठवणाऱ्याला पार्सलचा ठावठिकाणा कळण्याची सोय होते. पूर्वी या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी वही होती. नोंद एकदाच व्हावी आणि तिचे सारे परिणाम आपोआप उमटावेत, हे ईआरपीचे खरे काम.

टपाल खात्याने संगणक काल-परवा हाती घेतलेला नाही. म्हैसूरच्या टपाल तंत्रज्ञान केंद्राने काउंटरच्या कामासाठी ‘मेघदूत’ हे सॉफ्टवेअर तयार केले होते आणि बचत बँकेसाठी ‘संचय पोस्ट’ होते. ती आपापल्या जागी उपयोगी होती, पण माहिती त्या-त्या डाकघराच्या संगणकात राहत असे. वणीत काय घडले ते पुसदला लगेच दिसत नसे. २०१२ मध्ये ४,९०९ कोटी रुपयांच्या आधुनिकीकरण प्रकल्पाला मंजुरी मिळाली. त्यात टपाल, लेखा आणि मनुष्यबळ यांसाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमार्फत जर्मनीच्या सॅप कंपनीचे सॉफ्टवेअर आले आणि बचत बँकेसाठी इन्फोसिसचे ‘फिनॅकल’. डिसेंबर २०१७ पासून ‘दर्पण’ योजनेतून १ लाख २९ हजार शाखा डाकघरांना सौरऊर्जेवर चालणारी हातयंत्रे देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्यांदाच सगळे खाते एका धाग्यात ओवले गेले, आणि त्या प्रकल्पाचे हे ऋण मान्य करायलाच हवे.

मग तो बदलावा का लागला? तयार ईआरपी ही मुळात कारखाने आणि व्यापारी कंपन्यांची कामे डोळ्यांपुढे ठेवून बनलेली असते. तिच्यात बटवडा नसतो, पोस्टमनची बीट नसते, शाखा डाकघराची रोकड मर्यादा नसते. मग मूळ सॉफ्टवेअरभोवती जोडकामे वाढत जातात. काउंटरचा प्रोग्राम वेगळा, बटवड्याचा वेगळा, हिशेबाचा वेगळा, असे होते आणि कर्मचाऱ्याला एका पडद्यावरून दुसऱ्यावर उड्या माराव्या लागतात. लहानसा बदलही बाहेरच्या कंत्राटदाराच्या हाती जातो आणि परवान्यांचा खर्च चालूच राहतो. शिवाय मधल्या काळात लोक यूपीआयने पैसे देऊ लागले. भाजीवाल्याकडे क्यूआर कोड होता, पण टपालाच्या खिडकीवर सुटे पैसे शोधावे लागत होते.

एपीटी ही प्रणाली म्हैसूरच्याच टपाल तंत्रज्ञान उत्कृष्टता केंद्राने घडवली. आधुनिकीकरणाच्या ५,८०० कोटी रुपयांच्या दुसऱ्या टप्प्याचा हा गाभा आहे. तिचे भाग सुटे-सुटे बांधले आहेत, त्यामुळे बटवड्याचा भाग सुधारताना काउंटर बंद ठेवावे लागू नये अशी रचना आहे. माहिती ‘मेघराज’ या सरकारी क्लाऊडवर राहते आणि जोडणी बीएसएनएलची आहे. क्यूआर कोडने पैसे भरणे, ओटीपी घेऊन बटवडा करणे आणि जागेचा दहा अक्षरांचा संकेतांक ‘डिजिपिन’ वापरणे यांची सोय तिच्यात आहे. खेड्यात घराला क्रमांक नसतो आणि रस्त्याला नाव नसते, तिथे डिजिपिनचा उपयोग शहरापेक्षा जास्त होऊ शकेल.

घडवण्यापेक्षा बदलाचा दिवस कठीण. जुनी प्रणाली थांबते त्या क्षणी हजारो पार्सले वाटेत असतात. काही थैलीत, काही पोस्टमनच्या पिशवीत, काही पत्ता न सापडल्याने परत निघालेली. त्यांतले प्रत्येक नव्या प्रणालीत योग्य जागी दिसायला हवे. प्रत्येक डाकघराची आरंभीची रोकड, तिकिटांचा साठा, कोणाला कोणते अधिकार हेही जुळायला हवे. म्हणून बदलापूर्वी डाकघरांत व्यवहार बंद ठेवले गेले. आधी मे-जून २०२५ मध्ये कर्नाटकात चाचणी झाली, तिथल्या त्रुटी दुरुस्त केल्या आणि मग इतर परिमंडळे टप्प्याटप्प्याने घेतली. ४ लाख ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले. एका दिवसात ३२ लाखांहून अधिक नोंदण्या आणि ३७ लाख बटवडे या प्रणालीने पेलल्याचे सरकारने सांगितले. हे यश मोठे आहे. पण शेवटचा टप्पा ४ ऑगस्टला आणि रक्षाबंधन ९ ऑगस्टला, हे गणित चुकले. राख्यांच्या टपालाच्या ऐन गर्दीत नवख्या पडद्यांसमोर कर्मचारी बसले आणि अनेक ठिकाणी रांगा लांबल्या. अशा बदलाला निवांत महिना निवडावा, हा या कामातला जुना नियम आहे.

स्वतःची प्रणाली घडवणे म्हणजे सगळे प्रश्न सुटणे नव्हे. तयार सॉफ्टवेअर वाकवणे महागात पडते, हे खरे. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने सॅपला आपल्या पद्धतीत बसवण्याचा सात वर्षे प्रयत्न केला आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये तो सोडला. लिडल साठ्याची किंमत खरेदीभावाने मांडत असे, तर सॉफ्टवेअर विक्रीभावाने, आणि लिडलने आपली पद्धत बदलली नाही. पण त्याहून जास्त लक्षात ठेवावे असे उदाहरण ब्रिटिश टपालाचे आहे. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही फुजित्सूची खास टपालासाठी बनलेली प्रणाली आली. तिच्यातल्या दोषांमुळे डाकघरांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. वरिष्ठांनी संगणकावर विश्वास ठेवला आणि माणसावर ठेवला नाही. नऊशेहून अधिक उपडाकपालांना चोरी आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरवले गेले. कित्येकांनी घर विकून तूट भरली, काही तुरुंगात गेले. त्यांची दोषसिद्धी रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागला.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ थेट आहे. शाखा डाकपालाचा मोबदला तुटपुंजा, वरचे डाकघर दूर, मदतीला शेजारी दुसरा कर्मचारी नाही. डोंगराळ भागात मोबाईलची रेंज येते-जाते. भरणा घेताना जोडणी तुटली, तर नोंद झाली की नाही हे प्रणालीने स्पष्ट दाखवले पाहिजे. नाहीतर एकच रक्कम दोनदा चढते किंवा चढतच नाही. रोकड जुळली नाही, तर पहिला प्रश्न प्रणालीला विचारला जावा. डाकपालाला आपल्या प्रत्येक नोंदीचा माग स्वतः पाहता यावा आणि सूचना मराठीत दिसाव्यात. आपलीच प्रणाली असल्याने असे बदल परक्या कंपनीच्या परवानगीवाचून करता येतात. स्वतः घडवण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, मात्र म्हैसूरच्या तंत्रज्ञापर्यंत झरी जामणीची तक्रार पोहोचली तरच.

जुनी माहिती पुसून टाकण्याची घाई असा कोणताही बदल करणाऱ्या संस्थेने करू नये. बदलाच्या आधी नोंदवलेल्या आणि हरवलेल्या पार्सलची भरपाई, निवृत्त कर्मचाऱ्याची सेवानोंद, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण यांसाठी ती लागते. जुनी प्रणाली नव्या नोंदींसाठी बंद करायची, पण पाहण्यासाठी काही वर्षे उघडी ठेवायची, ही रूढ पद्धत आहे. खेड्यातला खातेदार आपली जुनी पावती घेऊन खिडकीशी आल्यावर तिची नोंद तिथेच सापडायला हवी.