पंख वाऱ्यावर, नजर जमिनीवर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी मलकापूर-नांदुऱ्याच्या शिवारात वावटळ उठते. धूळ, पाचोळा, पऱ्हाटीच्या काड्या गरगरत वर जातात आणि दोन-चार मिनिटांत सारं शांत होतं. आपण डोळे चोळतो आणि कामाला लागतो. पण ही वावटळ दुरून दिसली की आनंद होणारा एक माणूस असतो. तो जमिनीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीवर, त्रिकोणी कापडी पंखाखाली पालथा लटकलेला असतो. त्याच्यापाशी इंजिन नाही, पेट्रोल नाही. वर चढणारी हवा हेच त्याचं इंधन, आणि ती कुठे आहे हे वावटळ त्याला सांगते.

या पंखाला हँग ग्लायडर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं मजबूत कापड, आणि वजन साधारण तीस किलो. चालक पट्ट्यांनी पंखाला टांगलेला असतो. समोरचा दांडा धरून तो आपलं शरीर डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे सरकवतो आणि त्या वजनानं पंख वळतो. अंगाच्या तोलावर उडण्याची ही कल्पना जर्मनीच्या ऑटो लिलिएन्थालची. त्यानं दोन हजारांवर उड्डाणं केली आणि १८९६ साली अशाच एका उड्डाणात पडून तो गेला. पुढे अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो यांनी १९४८ साली लवचीक कापडी पंख तयार केला, आणि १९६३ साली ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सन यांनी आजच्या हँग ग्लायडरचा आराखडा त्यावरून सिद्ध केला.

आता एक गोष्ट लक्षात घेऊ. शांत हवेत हा पंख उडत नाही, तर सावकाश खाली येतो. एक मीटर खाली येताना तो सुमारे बारा मीटर पुढे जातो. म्हणजे तीनशे मीटर उंचीच्या घाटमाथ्यावरून झेप घेतली, तर चालक साडेतीन किलोमीटरवर जमिनीला टेकणार. मग माणसं शंभर-दोनशे किलोमीटर जातात ती कशी?

त्याचं उत्तर उन्हात आहे. सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला. पण सगळी जमीन सारखी तापत नाही. पऱ्हाटी उपटून झालेलं काळं, उघडं वावर लवकर तापतं. ओलिताचा मळा, तळं, दाट झाडी थंड राहते. तापलेल्या वावरावरची हवा हलकी होते, आणि बांध, टेकडी किंवा गावाची कड यांचा धक्का मिळाला की जमिनीपासून सुटून वर निघते. या वर चढणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. पंख स्वतः सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येत असतो. थर्मल सेकंदाला तीन-चार मीटर वर जात असेल, तर चालक त्यात गोल घिरट्या घालत वर चढतो. मग हव्या त्या दिशेला घसरत जायचं, उंची सरत आली की पुढचं थर्मल शोधायचं. लांब पल्ल्याचं उड्डाण म्हणजे ही चढ-उतार पुन्हा पुन्हा करणं.

घारी हे पूर्वापार करत आल्या आहेत. पंख न हलवता घिरट्या घालणारी घार दिसली, की तिथे थर्मल आहे असं चालक खुशाल समजतो. पूर्वी हे काम गिधाडंही करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे ती झपाट्यानं मेली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर आकाश बरंच रिकामं झालं होतं.

थर्मल किती उंच जाईल याचाही एक ढोबळ हिशेब आहे. वर चढणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंश थंड होते. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ नं गुणलं, की ढगाचा तळ साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. तापमान ४२ अंश आणि दवबिंदू १० अंश असेल, तर उत्तर येतं चार हजार मीटर. अशा कोरड्या दिवशी बऱ्याचदा ढग होतच नाही. थर्मल असतं, पण त्याच्या माथ्यावर खूण नसते. म्हणून वऱ्हाडातल्या उन्हाळ्यासारख्या हवेत चालकाला धूळ, धूर आणि घारी यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

२०१२ साली अमेरिकेच्या टेक्सासमधून डस्टिन मार्टिन यांनी एका दिवसात ७६४ किलोमीटरचं उड्डाण केलं. पण त्या भागात जमीन बरीचशी सपाट, मोकळी आहे, आणि पाठीशी दिवसभर वारा होता. अवघड प्रदेशात चाळीस किलोमीटरही मोठी मजल ठरते, आणि ते समजायला आपला जिल्हा पुरेसा आहे.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. उत्तरेला डोंगर उतरून पूर्णेचं मैदान लागतं आणि त्यापलीकडे सातपुडा. समजा, वारा पश्चिमेचा आहे आणि चालकाला बुलढाण्याहून खामगावकडे जायचं आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पण मध्ये बोथ्याचं जंगल येतं, ज्ञानगंगा अभयारण्य येतं. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला गळपट्टाधारी वाघ शेकडो किलोमीटर चालून पोचला, तेच हे रान. अस्वलं आणि बिबटे तिथे नेहमीचेच. या पट्ट्यात उतरायला मोकळं वावर नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय माणसानं तिथे जायचंही नसतं.

आता हिशेब करा. समजा, उतरता येणार नाही असा पट्टा पंधरा किलोमीटरचा आहे. शांत हवेत बारास एक या प्रमाणानं साडेबाराशे मीटर उंची लागेल. पण थर्मलच्या आजूबाजूला हवा खाली येत असते. अशा हवेत बाराचे सहा होतात आणि अडीच हजार मीटर लागतात. शिवाय पलीकडे उतरण्याची जागा निवडायला तीनशे मीटर शिल्लक हवेत. म्हणजे जंगलाच्या कडेवर चालकाची उंची अठराशे मीटर भरली, तर ती भरपूर वाटली तरी पुरेशी नाही. त्यानं तिथेच घिरट्या घालत उंची वाढवावी, नाहीतर वळून मैदानाच्या बाजूनं जावं, नाहीतर मुकाट्यानं शेतात उतरावं. जंगलाच्या मध्यावर हा निर्णय घेता येत नाही. तिथे निवड संपलेली असते.

वळवाच्या दिवसांत तर ही शिस्त अधिकच हवी. ढग उंच आणि काळे होऊ लागले, की त्यांच्याखाली हवा भयंकर वेगानं वर ओढली जाते. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात ईवा विस्निएर्स्का ही पॅराग्लायडिंगची खेळाडू अशाच वादळी ढगात खेचली जाऊन ९,९४६ मीटरपर्यंत गेली. बेशुद्ध झाली, अंगावर बर्फ जमला, तरी वाचली. त्याच वादळात सापडलेला चीनचा एक खेळाडू वाचला नाही. गडगडाटी ढग दिसताच लांबूनच उतरणं हाच त्यावर उपाय.

उतरणं हीसुद्धा कला आहे. वावर मोकळं आहे का, चढ कुठे आहे, वारा कुठून आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विजेच्या तारा कुठे आहेत. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरायचं. वरून सोबती वाटणारी वावटळ उतरताना वैरी होते, कारण ती जमिनीलगत पंख उलटवू शकते.

कधी आपल्या शेतात असा पंख उतरला, तर घोळका करून त्याच्यावर धावू नका. मुलांना दूर ठेवा. चालक दुखावला असेल, तर त्याला लगेच उठवून बसवू नका, १०८ ला फोन करा. आणि उभ्या पिकात उतरून नुकसान झालं असेल, तर ते भरून देणं चालकाचं कर्तव्य आहे.

महाराष्ट्रात कामशेत आणि पाचगणी इथे पॅराग्लायडिंग शिकण्याची सोय आहे, आणि हवा ओळखण्याचे धडे तिथेही हेच आहेत. तरुणांनी जरूर शिकावं, पण गुरूशिवाय आणि डोक्यावर शिरस्त्राण, पाठीशी राखीव पॅराशूट असल्याशिवाय नाही. पहिल्या दिवशी किती किलोमीटर जायचं हे विचारू नये. कुठे उतरायचं, ते आधी विचारावं.