काल तू काय केलंस?

मंगळवारचा पहिला तास. निफाड तालुक्यातल्या एका शाळेतला सहावीचा वर्ग. भूतकाळ शिकवायचा म्हणून मी फळ्यावर लिहिलं, ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ पहिला मुलगा उठला, ‘आय प्लेड क्रिकेट.’ दुसरा उठला, तेच. तिसरी मुलगी, तेच. आदल्या संध्याकाळी धो धो पाऊस होता. पण सगळा वर्ग क्रिकेट खेळून आलेला!

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सोमवारी ती शाळेत नव्हती. अडखळत म्हणाली, ‘यस्टरडे आय गो मार्केट. फादर सेल अनियन...’

‘गो नाही, वेंट! सेल नाही, सोल्ड!’ मी तत्परतेनं म्हणालो. ती थांबली. इकडेतिकडे पाहिलं आणि ‘आय प्लेड क्रिकेट’ म्हणून खाली बसली. वर्ग हसला. मीही हसलो.

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, तेव्हा मराठीत भडाभडा बोलली. कांद्याला भाव मिळाला नव्हता. परत येताना ट्रॅक्टरवर वडील एक शब्दही बोलले नव्हते. वर्गात खरं सांगण्यासारखं काही होतं ते तिच्याचकडे, आणि मी तिला खोटं बोलायला लावलं होतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पूर्वी ते पाचवीत येई. वर्षं वाढली, पण भूतकाळ अजूनही पाढ्यासारखा घोकला जातो : गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन.

खरं म्हणजे आपल्या मुलांना याहून अवघड भूतकाळ अवगत असतो. मुलगा ‘गेलो’ म्हणतो, मुलगी ‘गेले’. आंबा ‘खाल्ला’, पोळी ‘खाल्ली’. खाणारा कुणीही असो, क्रियापद वस्तूकडे पाहून बदलतं. हे कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीत ‘वेंट’ सगळ्यांना एकच! अडचण एवढीच, की रोजच्या वापरातली बरीच क्रियापदं तिथे नियम मोडणारी आहेत. म्हणून मूल ‘गोएड’ म्हणतं. त्यावर रागावू नये. जीन बर्को या संशोधिकेनं १९५८ साली लहान मुलांना बनावट शब्द देऊन पाहिलं, तर त्या कधीही न ऐकलेल्या शब्दांनाही मुलांनी नियमाप्रमाणे प्रत्यय लावले. ‘गोएड’ म्हणणाऱ्या मुलाला नियम कळलेला असतो. अपवाद तेवढा कळायचा असतो.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. आधी मुलानं काल खरोखर काय केलं ते सांगायचं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, लागेल तिथे मराठीत. मी मधे बोलायचं नाही. ‘आय गो मार्केट’ म्हटलं, की मी नुसतं विचारायचं, ‘ओ, यू वेंट टु द मार्केट? व्हॉट डिड यू सेल?’ दुरुस्ती प्रश्नातच असते. मूल ती उचलतं. ‘डिड’ची गंमतही तिथेच सांगता येते : काळाचं ओझं ‘डिड’नं उचललं, की क्रियापद मोकळं होऊन मूळ रूपात येतं. म्हणून ‘डिड यू गो’, ‘डिड यू वेंट’ नव्हे.

पालकांनी घरी एवढंच करावं. रात्री जेवताना ‘आज काय शिकवलं?’ याऐवजी ‘आज काय झालं?’ विचारावं, आणि उत्तर पुरतं ऐकावं. स्वतःचं इंग्रजी कच्चं असलं तरी बिघडत नाही. ज्याला आपला दिवस मराठीत नीट सांगता येतो, त्याला तो इंग्रजीत सांगायला फक्त शब्द लागतात.

पुढच्याच आठवड्यात ती मुलगी आपण होऊन उठली. मी खडू खाली ठेवला.

‘वी वेंट टु मार्केट. वी सोल्ड अनियन. माय फादर डिडन्ट टॉक.’

या वेळी कुणी हसलं नाही. शेजारचा मुलगा वळून मराठीतच म्हणाला, ‘आमचे पण नाही बोलले.’