एक बंदूक की दोन? यवतमाळच्या वावरातला हिशेब

सगळ्या कामांना चालेल अशी एकच रायफल बाळगावी, की प्रत्येक जनावरासाठी वेगळी, हा शिकाऱ्यांच्या जगातला फार जुना वाद आहे. अमेरिकेत किंवा आफ्रिकेत तो खिशाचा आणि आवडीचा प्रश्न असतो. यवतमाळ जिल्ह्यात शौकाची शिकार उरलेलीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर मोठी बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाने काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. तरीही हा प्रश्न इथे जिवंत आहे, कारण पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, झरी-जामणी या पट्ट्यात रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक झोपवतात. ज्याच्याकडे आजोबांची दोननळी आहे, त्याला हिच्यावर भागेल की रायफलसाठी अर्ज करावा हे ठरवावे लागते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला पहिल्याच अर्जात नेमके काय मागायचे हा पेच असतो.

कायदा किती देतो

१९५९ च्या शस्त्र कायद्यात सुरुवातीला संख्येची मर्यादा नव्हती. १९८३ मध्ये ती तीनवर आली. २०१९ च्या नोव्हेंबरात सरकारने लोकसभेत जे दुरुस्ती विधेयक मांडले, त्यात एका माणसाला एकच शस्त्र असा प्रस्ताव होता. त्यावर बरीच ओरड झाली. शेवटी डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झाले तेव्हा आकडा दोन ठरला. ज्यांच्याकडे तीन शस्त्रे होती त्यांना तिसरे वर्षभरात जमा करायचे होते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

म्हणजे परदेशी मासिकांतला सहा रायफलींचा संच आपल्याकडे विचारातही घेता येत नाही. रायफल क्लबच्या सभासदांना सरावाच्या .२२ रायफलीसाठी आणि नावाजलेल्या नेमबाजांना स्पर्धेसाठी सूट आहे, पण तिचा वावराशी संबंध नाही.

याच कायद्याचे कलम १३ शेतकऱ्याने नीट समजून घ्यावे. पीक रक्षणाचे खरे कारण असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते सांगते. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक याच कलमात येते. पिकासाठीची रायफल मात्र या यादीत नाही. तिच्यासाठी तुमचे कारण पुरेसे सबळ आहे हे अधिकाऱ्याला पटवावे लागते. पिकासाठी कोणते शस्त्र पुरे, याचा एक अंदाज कायद्याने बांधून ठेवला आहे आणि माझ्या मते तो बराचसा बरोबर आहे.

एकीवर भागवण्याची जुनी ओढ

हा जिल्हा वऱ्हाडात वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्या काळातल्या इंग्रज अधिकाऱ्याला दौऱ्यावर तितरापासून अस्वलापर्यंत काहीही समोर येई आणि बैलगाडीत चार बंदुका लादून फिरणे परवडत नसे. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक अख्खे पुस्तकच लिहिले. सातपुड्याच्या जंगलांवरचे त्याचे पुस्तक १८७१ चे. जवळून, दाट झाडीत, मोठ्या जनावरावर मोठ्या तोंडाची नळी आणि गोल गोळी यांवर त्याचा भर होता.

पुढे कर्नल जॉर्ज फॉसबेरी याने १८८५ च्या सुमारास एक तोड काढली आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती ‘पॅराडॉक्स’ या नावाने विकली. नळी जवळजवळ पूर्ण गुळगुळीत, फक्त तोंडाशी शेवटच्या दोन-अडीच इंचांत आटे. छर्रे भरले की साधी बंदूक, गोळी भरली की शंभर यार्डांपर्यंत रायफलीसारखा नेम. हिंदुस्थानातल्या जंगल खात्याच्या लोकांत ती लोकप्रिय झाली ती याचमुळे. एकाच बंदुकीने सगळे करण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न दुसरा नसेल.

जिम कॉर्बेट दोन्हीकडे दिसतो. त्याच्याकडे .४५०/४०० ची जड दोननळी रायफल होती, तशीच हलकी .२७५ रिग्बीही होती. चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेल्या याच रिग्बीने त्याने १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. जड हत्यार असतानाही मोक्याच्या रात्री हातात हलके होते. कोणत्या बंदुकीचा घोडा अंधारातही बोटाला ओळखीचा वाटतो, हे त्याच्यासाठी आकारापेक्षा मोठे होते.

बारा बोअर: बंदूक तीच, काडतूस वेगळे

यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी ‘एकच बंदूक’ म्हणजे बारा बोअर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो या नळीचा. साधारण साडेअठरा मिलिमीटर. या बंदुकीत बदलते ते काडतूस. बारीक छर्रा, जाड छर्रा आणि एकच भरीव गोळी ही तिन्ही कामे एका नळीतून होतात. काडतुसे मिळायलाही अडचण नसते, कारण ती देशातच बनतात आणि पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना त्यासाठी जुन्या मंडळींना माहीत आहे.

बहुतेक वेळा आवाजानेच काम होते. कळप वावरात शिरला आणि हवेत बार काढला की तो धुऱ्यापलीकडे जातो, निदान त्या रात्रीपुरता. यासाठी ठासणीची बंदूकही पुरते. परवानगी घेऊन खरेच डुक्कर पाडायचे असेल, तेव्हा मात्र काडतुसाची निवड चुकवून चालत नाही. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर चामडी आणि कूर्चेचा जाड थर असतो. पाखरांचा बारीक छर्रा त्यात अडकतो आणि जनावर जखमी होऊन झुडपात जाते. सकाळी त्याच पऱ्हाटीत कापूस वेचायला बाया शिरतात. जखमी डुक्कर काय करते हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून डुकरासाठी जाड छर्रा किंवा भरीव गोळी, आणि तीही तीसेक मीटरच्या आत. त्यापलीकडे छर्रे इतके पसरतात की एखाद-दुसराच लागतो.

घरच्या जुन्या दोननळीबद्दल इथेच सांगायला हवे. कित्येक जुन्या बंदुकांचे काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची काडतुसे बरीचशी ७० ची. ते बसते, बंदूक बंदही होते, पण उडताना दाब धोक्याच्या पातळीवर जातो. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली दमास्कस नळी असू शकते. तशा नळ्या काळ्या दारूसाठी बनलेल्या असतात. नव्या धूरविरहित दारूचे काडतूस तिच्यात घालू नये. तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या नळीतून भरीव गोळी चालते का, हेही परवानाधारक कारागिराला दाखवून विचारावे. एकच बंदूक ठेवायची तर ती मुळात शाबूत असली पाहिजे.

.३१५ कुठे बसते

भारतात सामान्य माणसाला मिळणारी ओळखीची रायफल म्हणजे इशापूरच्या कारखान्याची .३१५. तिचे माप असे असण्याचे कारण लष्करी आहे. फौजेची .३०३ नागरिकांना निषिद्ध, म्हणून फौजेत न चालणारे हे माप खासगी वापरासाठी पुढे आले. बोल्टची, पाच काडतुसे घेणारी, भरवशाची रायफल आहे. रोह्याचा मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि तो उघड्या रानात, दूरवर चरतो. छर्रा त्याच्यासाठी नाहीच. एवढ्या एका कामात रायफल बारा बोअरपेक्षा सरस ठरते.

पण तिची गोळी किलोमीटरभर सहज जाते, आणि या जिल्ह्यात रात्रीचे वावर रिकामे नसते. तूर, हरभरा, ज्वारी उभी असताना शेजारच्या मचाणावर कोणीतरी जागल करत असतो. नाल्याच्या काठाने पाड्याकडे जाणारी पायवाट असते. पऱ्हाटी छातीइतकी वाढली की पलीकडे कोण बसले आहे ते दिसत नाही. शिकारीच्या पुस्तकांत बंदुकीची निवड जनावरावरून होते. इथे ती जनावराच्या मागे काय आहे त्यावरून झाली पाहिजे. मागे टेकडीचा उतार किंवा मातीचा उंच बांध असेल आणि बार मचाणावरून खाली जात असेल, तरच रायफलीला जागा आहे. सपाट काळ्या रानात, बॅटरीच्या उजेडात, रायफल चालवू नये. छर्ऱ्याची पोच कमी असते ही तिथे उणीव नसून सोय आहे, तरी तेवढ्याने माणूस नाही याची खात्री करण्याची जबाबदारी सुटत नाही.

माझे मत असे की ज्याचे वावर सपाटीवर आहे त्याने दुसऱ्या जागेसाठी रायफल मागूच नये. पुसद, उमरखेडकडच्या डोंगराळ पट्ट्यात, रोह्यांचा खरा त्रास आणि गोळी अडवणारा उतार असलेल्या ठिकाणी, ती मागण्याला अर्थ आहे.

जिथे एकीने भागत नाही

या जिल्ह्याने २०१८ मध्ये जे पाहिले ते या प्रश्नाचे दुसरे टोक आहे. टी-१, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘अवनी’, या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. आदेश असा होता की आधी तिला बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा आणि तो फसला तरच गोळी घालावी. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शोधासाठी कॅमेरे लावले, हत्ती आणले, कुत्री आणली. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ती गोळीने मेली आणि तिची दोन पिल्ले मागे राहिली.

बेशुद्धीची बंदूक आणि रायफल दिसायला सारख्या, पण त्यांचे काम उलट आहे. पहिलीचा बाण मुद्दाम मंद वेगाने जातो, नाहीतर सुईच जनावराला मारेल. त्यामुळे पल्ला थोड्या मीटरांचा. औषधाची मात्रा जनावराच्या अंदाजे वजनावर पशुवैद्यकाने ठरवायची आणि बाण लागल्यावर परिणामासाठी काही मिनिटे थांबायचे. त्या मिनिटांत वाघीण पळू शकते किंवा अंगावरही येऊ शकते. म्हणून बाण मारणारा एक, त्याच्या रक्षणाला रायफल घेऊन दुसरा, अशी दोन माणसे आणि दोन हत्यारे लागतात. अंधारात हे जमत नाही आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीही रात्रीच्या बाणाला अनुकूल नाही. त्या प्राधिकरणाच्या समितीने पुढे बोराटीच्या कारवाईतल्या नियमभंगांवर बोट ठेवले.

अशा कामासाठी खास हत्यारे हवीतच, पण ती सरकारी पथकाकडे. दोननळी घेऊन वाघामागे निघणारा गावकरी माणसांचा धोका वाढवतो, आणि कायद्याने तो गुन्हाही आहे.

दुसरी जागा भरण्याआधी

दोन बंदुकांचा खर्च केवळ किमतीचा नाही. काडतुसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते. दोन मापांची काडतुसे घ्यायची म्हणजे सराव दोघांत वाटला जाणार, आणि सराव मुळातच थोडा असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो, मग दोन्ही न्यायच्या. पावसाळ्यात ओल नळीत शिरते. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची काजळी राहिली तर दोन-तीन दिवसांत गंज धरतो, म्हणून ती त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवावी लागते. घरात पोरे असतील तर कुलूपबंद जागा बंदुकीला वेगळी आणि काडतुसांना वेगळी.

हे सगळे केल्यावरही बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्यासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. जनावर पडले की ते सरकारचे. वन खात्याला कळवायचे, पंचनामा होऊ द्यायचा. मांस घरी नेले तर ज्याचे पीक गेले तोच आरोपी होतो. म्हणून शस्त्र परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात देण्याआधी नुकसानीचे पंचनामे आणि वन खात्याकडे केलेल्या तक्रारींच्या पोचा एका फायलीत लावून ठेवाव्यात. दुसरी बंदूक खरेच लागते का, हे त्या फायलीतल्या तारखा, जनावरांची नावे आणि वावराचा नकाशा पाहून अधिकाऱ्यालाही कळते आणि अर्जदारालाही.