शिगोकू : भरती-ओहोटीने घडवलेले कालव

पॅसिफिक कालवाच्या ‘क्रॅसोस्ट्रिया गिगास’ या शास्त्रीय नावातील ‘गिगास’ म्हणजे राक्षस, आणि चिखलावर मोकळे सोडले तर हे कालव खरोखरच वीतभर लांब, चपटे आणि वेडेवाकडे वाढते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील विलापा खाडीत टेलर शेलफिश ही कौटुंबिक कंपनी ‘शिगोकू’ नावाने जे लहान, वाटीसारखे खोलगट कालव वाढवते, ते याच जातीचे आहे, हे सांगितल्याशिवाय सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जपानी भाषेत शिगोकू म्हणजे पराकोटीचे. नाव जपानी असणे उचितच आहे, कारण त्या किनाऱ्यावरील मूळचे ऑलिंपिया कालव एकोणिसाव्या शतकातील बेसुमार उपशाने संपत आल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानहून आणलेल्या बियाण्यावरच तेथील व्यवसाय पुन्हा उभा राहिला.

कालवाचे बी आता बहुधा बीजोत्पादन केंद्रात तयार होते. तेथे दोनतीन आठवडे पाण्यात तरंगणारी अळी बसण्याजोगी झाली की तिला दळलेल्या शिंपल्याचा बारीक कण दिला जातो, आणि एका कणावर एकच कालव बसल्यामुळे पुढे त्यांचे घोस बनत नाहीत. शिगोकूचे खरे वैशिष्ट्य मात्र यानंतरचे आहे. ही पिल्ले जाळीदार पिशव्यांत भरून पिशवीची एक बाजू दोरीला अडकवतात व दुसऱ्या बाजूस तरंगणारा फुगा बांधतात. त्यामुळे भरतीबरोबर पिशवी वर उचलली जाते, ओहोटीला खाली लोंबते, आणि आतील कालवे दिवसातून अनेकदा एकमेकांवर घरंगळतात. घरंगळताना शिंपल्याची नवी, नाजूक कड झिजून तुटते. लांबी वाढवण्याची वाट अशी खुंटल्यामुळे कालव शिंपला जाड करते आणि वाटी खोल करते. पाण्याबाहेर राहण्याच्या तासांत शिंपला घट्ट मिटून ठेवावा लागत असल्याने तो मिटणारा स्नायूही बळकट होतो, ज्याचा उपयोग पुढे दूरच्या प्रवासात अंगचे पाणी राखण्यासाठी होतो. माणसाने येथे फक्त गाठ मारली आहे. घडवण्याचे काम चंद्राच्या ओढीचे आहे.

चवीचेही तसेच आहे. पहिला खारटपणा खाडीच्या पाण्याचा असतो; त्या खारटपणाशी तोल राखण्यासाठी कालव पेशींत ग्लायसीन, ॲलनिन यांसारखी अमिनो आम्ले साठवते आणि त्यातून गोडसर, रसदार चव येते, तर ग्लायकोजेन या साठवणीच्या पिष्टासारख्या द्रव्याने मांसाला भरीवपणा मिळतो. शेवटी जिभेवर रेंगाळणारा काकडीचा वास ही केवळ कविकल्पना नव्हे, कारण काकडीला तिचा वास देणाऱ्या गंधद्रव्यांपैकी काही पॅसिफिक कालवातही आढळली आहेत. कोकणात कालवे कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवून खाणाऱ्यांना ती कच्ची खाणे कदाचित रुचणार नाही, परंतु हा वास शिजवल्यावर तसाच उरत नाही.

उन्हाळ्यात प्रजननाच्या तयारीत ग्लायकोजेन खर्च होऊन सामान्य कालव दुधाळ व मऊ पडते. म्हणून जाणकार हिवाळ्याची वाट पाहतात. त्या ऋतूत मोठी ओहोटी या किनाऱ्यावर रात्री येते, आणि कामगार कपाळावर दिवे बांधून, गुडघाभर चिखलात उतरून, उजाडण्यापूर्वी पिशव्या सोडवतात.