पाडव्याचं श्रीखंड उरलंय? फ्रीजरमध्ये ठेवा!

आमच्या होटगीत पाडव्याच्या सुमारास पारा 40 अंशांकडे सरकतो. बाहेर राहिलेलं श्रीखंड बघता बघता आंबतं. म्हणून उरलेलं लगेच लहान डब्यांत दाबून भरा, आत हवा राहू देऊ नका. चक्क्यातलं पाणी आधीच निथळलेलं असतं, शिवाय साखर भरपूर. त्यामुळे उणे 18 अंशांतही ते दगडासारखं होत नाही. खायच्या आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात काढून ठेवा, मग नीट घोटा. बासुंदी तर साच्यात ओतली की झाली कुल्फी! कस्टर्डचं फ्रूट सॅलड मात्र अजिबात गोठवू नका, वितळताना त्याला पाणी सुटतं. लाईट तासन्‌तास गेली आणि श्रीखंड वितळलं, तर पुन्हा गोठवू नका. गार आहे तोवर त्याच दिवशी संपवा.