डोक्याला लागणारा वेळ

देऊळघाटच्या आमच्या किराणा दुकानात सकाळी गर्दी असते. एकच गिऱ्हाईक समोर असेल तर माझं काही अडत नाही, भाव तोंडपाठ आहेत. पण एकजण तूरडाळ मागत असताना दुसऱ्याने उधारी विचारली, की डाळ किती द्यायची तेच निसटतं आणि हातात माप धरून मी उभी राहते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. चालताना तोल जातो, तो सगळ्यांना दिसतो. हे कुणाला दिसत नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन पोखरते. संदेश रेंगाळतात, कुठे अडतात. बहुधा विशी ते चाळिशीत हा आजार गाठतो, बायकांना जास्त. पॅरिसचे डॉक्टर जाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यांनीच रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि विचार सावकाश होतो, हेही टिपलं होतं. तरी पुढे कित्येक दशकं लक्ष राहिलं ते डोळ्यांवर आणि पायांवर. आता मानतात की ४० ते ६५ टक्के रुग्णांच्या विचारशक्तीवर परिणाम होतो. हा गोऱ्यांचा आजार, असंही पूर्वी समजत. १९९० मध्ये मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तिथल्या पारशांमध्ये लाखामागे सुमारे २६ जणांना एमएस आहे.

विचाराच्या वेगाची माझी चाचणी झाली ती कागदावर. वरच्या ओळीत नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली एक आकडा. खाली तीच चिन्हं उलटसुलट मांडलेली, त्यांचे आकडे भराभर सांगायचे. वेळ ९० सेकंद. आकडे मला येत होते. नजर वर जाऊन खाली येईपर्यंत वेळ सरत होता. एमएसमध्ये सगळ्यात आधी बहुधा हाच वेग मंदावतो. मग नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, दोन कामं एकदम सांभाळणं जड जातं. बोलणं मात्र बहुतेकांचं शाबूत राहतं, म्हणून तर कुणाचा विश्वास बसत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "अवो, आम्हीबी इसरतोच ना!" त्या धीर द्यायलाच म्हणतात, पण मला ते लागतं. त्यांना विसरलेलं नंतर आठवतं. माझ्या बाबतीत बरेचदा ते आत पोचलेलंच नसतं.

उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की आणखी जड होतं. उष्णतेने एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. याला जर्मन डॉक्टर उथॉफ यांचं नाव आहे; त्यांनी १८९० मध्ये श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, हे नोंदवलं होतं. म्हणून हिशोबाची वही मी सकाळी गारव्यात काढते. गिऱ्हाइकाने यादी लिहून आणली तर उत्तम, नाहीतर सांगतील ते मी आधी लिहून घेते, मगच वजनकाट्याकडे वळते. मालक, म्हणजे माझे यजमान, आता माझं वाक्य पुरं करायची घाई करत नाहीत. याचा मला औषधाइतका उपयोग होतो.

गेलेला वेग हमखास परत आणणारं औषध अजून नाही. व्यायामाचा आणि मेंदूच्या सरावाचा काहींना फायदा होतो. पण अपुरी झोप, उदासी, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता यांनीही डोकं मंदावतं, आणि त्यांवर उपचार आहेत. त्यामुळे सगळं एमएसच्या माथी मारण्याआधी हे तपासून घ्यावं. आणि ती चिन्हांची चाचणी निदानाच्या वेळीच करून घ्यावी, मग दरवर्षी. पहिला आकडाच नसेल तर घसरण कशाशी ताडून बघणार?